मावशीची पिवळी गोळी

'ही गोळी माझी नव्हे. केमिस्टनं दुसऱ्या कुणाची तरी आपल्या पिशवीत टाकलीये. जा, परत करून ये.'

मावशीनं स्ट्रिप माझ्या हातात ठेवली. मी नाव वाचलं. फॉलिक ॲसिड.

मावशीचं वय सदुसष्ट. लग्न केलं नाही. आख्खं आयुष्य म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर काढलं. 'शेजारच्या सूनबाईला दिवस राहिले तेव्हा हीच पिवळी गोळी दिली होती. मी नाही का आणून दिली दोनदा? मला कशाला गरोदर बाईची गोळी?'

प्रश्न एकदम पॉइंटाचा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावीच्या शेवटच्या पेपरानंतर केमिस्ट्रीला मी जो रामराम ठोकला तो ठोकलाच. आता मी शाम्पू विकते. बाटलीमागे बारीक अक्षरात काय छापलंय हे मलाही माहीत नसतं.

या पानावर मी एरवी काय लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. बॉस, वजन, लोकल, परत बॉस. त्यामुळे पुढचं वाक्य मी तीनदा टाइप करून डिलीट केलं. मावशीला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय. सिगारेट सोडा, बाईनं कधी सुपारी तोंडात टाकली नाही. रोज एक गोळी घेऊन भागेल अशा प्रकारातला तो आहे का, याच्या टेस्ट झाल्या. नाही निघाला. इम्युनोथेरपीचा आकडा ऐकून आम्ही दोघी एकदमच दुसरीकडे बघायला लागलो. मग केमो. दर तीन आठवड्यांनी एकदा, दोन औषधं. त्यातल्या एकाचं नाव पेमेट्रेक्सेड. आणि ते सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून ही पिवळी गोळी रोज, शिवाय बी-ट्वेल्व्हचं एक इंजेक्शन.

मी ओपीडीत डॉक्टरना विचारलं. वयानं माझ्याहून लहान असेल ती. म्हणाली, 'पेमेट्रेक्सेड फॉलिक ॲसिडच्या विरोधातलं औषध आहे.'

'मग त्याच्यासोबत फॉलिक ॲसिडच का देताय?'

ती मनापासून हसली. 'चांगला प्रश्न आहे ताई. पण बाहेर चाळीस पेशंट बसलेत.'

म्हणून मग रात्री मावशी झोपल्यावर मी वाचायला बसले. आणि एका म्हाताऱ्या प्रोफेसरच्या प्रेमात पडले. सांगतेच.

एडवर्ड टेलर. जन्म १९२३चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. १९४६ साली हा कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकत होता, वय बावीस. लायब्ररीत 'सायन्स'चा अंक चाळत होता (तेही साप्ताहिकच, बरं का!). त्यात लेडर्ली नावाच्या औषध कंपनीच्या लोकांचा लेख होता. लिव्हरमध्ये एक पदार्थ सापडतो, तो मिळाला नाही तर काही जिवाणू वाढतच नाहीत. त्या पदार्थाची रचना आम्ही उलगडली आणि तो आम्ही प्रयोगशाळेत बनवलाही, असा एकूण मजकूर. हा पदार्थ म्हणजेच फॉलिक ॲसिड. टेलरची नजर अडकली ती त्या रचनेतल्या एका जोडकड्यावर. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंची दोन कडी, एकमेकांना चिकटलेली. निसर्गात तसलं कडं त्याआधीही एका ठिकाणी सापडलं होतं. फुलपाखराच्या पंखात!

खरंच. आपल्याकडे पावसानंतर बागेत ती छोटी पिवळी फुलपाखरं भिरभिरतात ना, त्यांच्या भाईबंदांच्या पंखांचा रंग. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्सनं १८८९ साली पिवळ्या फुलपाखरांच्या रंगद्रव्यावर पहिलं टिपण लिहिलं. पुढे जर्मनीत वीलँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो फुलपाखरांचे पंख गोळा करून ते रंग वेगळे केले. त्यांची नेमकी रचना कळायला १९४० साल उजाडलं. त्यांना नाव मिळालं टेरिन, ग्रीक भाषेतल्या 'पंख' या शब्दावरून. गंमत बघा, याच हॉपकिन्सला १९२९ साली नोबेल मिळालं ते व्हिटॅमिनवरच्या कामासाठी. पंखाचा रंग आणि व्हिटॅमिन या आपल्या दोन कामांची पुढे एकाच रेणूत गाठ पडणार आहे, याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसणार.

फुलपाखराच्या पंखातली वस्तू माणसाच्या लिव्हरमध्ये काय करतेय? टेलरला हा प्रश्न चावला. त्यानं पीएचडी याच कड्यांवर केली, १९४९ साली. झुरिक झालं, इलिनॉय झालं. १९५४ साली प्रिन्स्टनला रुजू झाला आणि मग हलला नाही. १९९७ साली रिटायर झाला तोही प्रिन्स्टनमधूनच. (मी दहा वर्षांत चार कंपन्या बदलल्यात. लिंक्डइनवर ते छान दिसतं.)

आता फॉलिक ॲसिड शरीरात काय करतं? मला जसं समजलं तसं सांगते, डॉक्टर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पेशी दोनाच्या चार व्हायच्या तर आधी डीएनएची कॉपी निघायला हवी. त्यासाठी लागणारे तुकडे जोडताना कार्बनचा एकेक अणू इकडून तिकडे पोचवावा लागतो. फॉलिक ॲसिड हा तिथला डबेवाला. डबा नेतो, रिकामा परत येतो, पुन्हा भरून नेतो. पोटात बाळ वाढत असताना पेशी धडाधड दुप्पट होत असतात, म्हणून शेजारच्या सूनबाईला गोळी. कॅन्सरच्या पेशीही तेच करतात, फक्त थांबायचं विसरून. मग हुबेहूब डबेवाल्यासारखा दिसणारा एक तोतया आत सोडायचा. तो एन्झाइमच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि उठतच नाही. सगळी डिलिव्हरी ठप्प.

ही आयडिया टेलरची नव्हे. लेडर्लीतच यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा आपला माणूस संशोधन विभागाचा प्रमुख होता. आंध्रातल्या भीमावरमचा. फॉलिक ॲसिड बनवल्यावर त्याच्या टीमनं त्याचे तोतयेही बनवले. त्यातला एक बोस्टनच्या सिडनी फार्बरनं ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिला. १९४८ साली त्यानं सोळा मुलांची हकिगत छापली. त्यातल्या दहा मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला होता. तोवर त्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेले असायचे. सुब्बाराव त्याच वर्षी गेला. या माणसावर मी एक आख्खा कॉलम लिहिणार आहे, आज नाही.

पुढे मेथोट्रेक्सेट आलं. ते आजही वापरतात, संधिवातालासुद्धा. पण हे तोतये उद्धट. कॅन्सरची पेशी कुठली, तोंडाच्या आतल्या त्वचेची कुठली, हाडातल्या मगजाची कुठली, काही बघत नाहीत. जिथे पेशी भराभर वाढतायत तिथे घुसतात. टेलरला याहून शहाणा तोतया हवा होता. मधल्या काळात त्यानं इतर पुष्कळ केमिस्ट्री केली. थॅलियम या जहाल विषारी धातूचा उपयोग करून नवे रेणू जोडायच्या पद्धती काढल्या, जाडजूड ग्रंथमालेचं संपादन केलं, डिपार्टमेंटचा चेअरमन झाला. पण ते पंखातलं कडं काही डोक्यातून गेलं नाही.

कड्यातला नेमका कुठला नायट्रोजन काढून तिथे कार्बन बसवला तर काय होतं, हा त्याचा खेळ. एक अणू इकडचा तिकडे. आम्ही शाम्पूच्या बाटलीचा हिरवा रंग तीन मीटिंगमध्ये ठरवतो, हा माणूस एका नायट्रोजनवर वर्षंच्या वर्षं बसला. १९८५च्या सुमारास लोमेट्रेक्सॉल नावाचा रेणू हाती लागला. तोवर इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी हातमिळवणी झाली होती, कारण प्रोफेसर रेणू बनवू शकतो, तो पेशंटपर्यंत न्यायचा तर पैसा आणि फौज लागते. प्राण्यांमध्ये लोमेट्रेक्सॉल झकास चाललं. माणसांत मात्र विषारी ठरलं. शिवाय त्याची एक कटकट होती. त्या रेणूत एक कोपरा असा होता की बनवताना डावं आणि उजवं अशी दोन रूपं एकत्र तयार व्हायची आणि ती वेगळी करणं महाकर्मकठीण.

मग टेलर आणि लिलीच्या लोकांनी त्या कोपऱ्याचीच कटकट संपवली. सहा अणूंच्या एका कड्याच्या जागी पाच अणूंचं कडं घातलं. डावं-उजवं हा प्रश्नच उरला नाही. सोय म्हणून केलेला बदल! पण टेस्ट केल्यावर कळलं की नवा रेणू जुन्यासारखा वागतच नाही. जुना एका खुर्चीत बसायचा, हा तीन वेगवेगळ्या खुर्च्या अडवतो आणि त्यात मुख्य खुर्ची वेगळीच. १९९२ साली त्याची माहिती छापून आली. पुढे त्याचं नाव पडलं पेमेट्रेक्सेड. बाजारातलं नाव अलिम्टा.

इथपर्यंत वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पिवळ्या गोळीचा पत्ता अजून नव्हता.

तो पुढे लागला. माणसांवरच्या चाचण्यांत काही पेशंट भयंकर आजारी पडत होते. जुलाब, तोंड सोलून निघणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी गायब. काही दगावले. सगळ्यांचं असं होत नव्हतं, काहींचंच. लिलीच्या लोकांनी आकडेमोड केली तेव्हा दिसलं की ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त, त्यांना त्रास जास्त. आणि होमोसिस्टीन वाढतं फॉलिक ॲसिड किंवा बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की. म्हणजे ज्यांच्या घरी डबेवालेच मोजके, त्यांच्याकडे तोतया घुसला की उपासमार. म्हणून डिसेंबर १९९९पासून चालू चाचणीतच सगळ्या पेशंटना ही दोन व्हिटॅमिनं सुरू केली. त्रास उतरला आणि औषधाचा गुण गेला नाही. फेब्रुवारी २००४मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आधी ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या छातीच्या कॅन्सरसाठी. त्याच वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. २००८मध्ये मावशीच्या प्रकारच्या कॅन्सरला पहिल्या फळीतलं औषध म्हणून.

टेलर तेव्हा ऐंशीचा होता. लायब्ररीतल्या त्या अंकापासून अठ्ठावन्न वर्षं.

सकाळी चहा करताना मी हे सगळं मावशीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'त्यासाठी किती फुलपाखरं मारली?'

'गोळीसाठी एकही नाही गं. आता सगळं काचेच्या भांड्यातच बनतं.'

'मग घेते,' म्हणाली.

तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. पहिल्या परवानगीमागच्या त्या चाचणीत, ॲस्बेस्टॉसवाल्या कॅन्सरमध्ये, नुसत्या जुन्या औषधावर पेशंट मध्यमानानं ९.३ महिने जगले आणि पेमेट्रेक्सेड जोडल्यावर १२.१ महिने. मी पहाटे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली. जशी काही ती तोंडी येत नव्हती. अठ्ठावन्न वर्षं एका माणसाची, आणि हाती काय तर पावणेतीन महिने? मला इतका राग आला की काय सांगू. वेगळा आजार, वेगळे पेशंट, सरासरीच्या मागेपुढे पुष्कळ लोक असतात, हे सगळं डॉक्टरनी नंतर समजावलं. पण तो आकडा डोक्यातून जाईना आणि एका संध्याकाळी तो मी तिच्यासमोर बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली.

मावशी भाजी निवडत होती. 'तीन महिन्यांत मी चाळीस पोरांना बाराखडी शिकवायचे,' ती म्हणाली. 'तुला काय वाटतं, तीन महिने म्हणजे काय असतं?'

मग मी पुढे बोलले नाही.

आता जरा आपल्या परळचं. माझं ऑफिस लोअर परळला, पूर्वीच्या एका गिरणीच्या आवारात आहे. चिमणी तेवढी ठेवलीये, तिच्याखाली कॉफी शॉप. मावशीची आजी, म्हणजे माझी पणजी, रत्नागिरीकडून येऊन गिरणीत वाइंडिंगला होती. आणि मावशीचं हॉस्पिटल तिथून टॅक्सीनं दहा मिनिटांवर, हाफकिन इन्स्टिट्यूटच्या जवळ. हे सांगायचं कारण असं की फॉलिक ॲसिडची गोष्ट टेलरच्या लायब्ररीत सुरूच होत नाही. ती सुरू होते इथे.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टरीण मुंबईत आली. गरोदर बायकांना, त्यातही गिरणीकामगार बायकांना, एक विचित्र ॲनिमिया व्हायचा. त्यात बायका मरायच्या. विल्सबाईंनी हाफकिनमधून त्याचा माग काढायला घेतला. गिरण्यांचा मोठा संप चालू होता ते हेच वर्ष. जिवाणू शोधून झाले, सापडले नाहीत. मग त्यांनी बायका खातात काय ते बघितलं. गरिबांच्या ताटात फळं-भाज्या जवळपास नव्हत्याच. उंदरांवर, माकडांवर आहाराचे प्रयोग केले आणि शेवटी एक स्वस्त वस्तू कामी आली. मार्माइट! इंग्रज लोक ब्रेडला फासतात ते यीस्टचं सत्त्व. दिसायला काकवी, चवीला खारट. बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली विल्सबाईंनी ते छापलं. त्या सत्त्वात नेमकं काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकातून संशोधकांनी एक पदार्थ चिमूटभर काढला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. विल्स फॅक्टर होता तो हाच.

माझ्या पणजीचा त्या प्रयोगाशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. तिच्याबद्दल आम्हाला फारसं काही माहीतच नाही. तिची दोन बाळंतपणं वाया गेली, एवढं मावशी सांगते. मी रोज त्या चिमणीखाली दोनशे रुपयांची कॉफी पिते. बस्स, इतकंच.

दुसरी केमो झाली आणि मी बंगळुरूला गेले. लाँच होतं, पाच दिवसांचं काम बारा दिवस चाललं. परत आले तर मावशीला जेवण गिळता येत नव्हतं. तोंडभर फोड. रक्त तपासलं तर काउंट खाली. तिसरी केमो आठवडाभर पुढे ढकलली. औषधांचा डबा आवरायला घेतला तेव्हा दिसलं, पिवळ्या गोळ्यांची पट्टी मी ठेवून गेले होते तशीच. एकही कमी झालेली नव्हती.

'मावशी, हे काय?'

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइलवर दाखवलं. व्हिटॅमिन घेतलं की कॅन्सरलाच खाऊ मिळतो. 'मला पटलं नव्हतं गं. पण तू नव्हतीस. कुणाला विचारू?'

मी डॉक्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्रास त्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येणार नाही, गोळी नीट घेऊनही होतो कधीकधी. पण गोळी चुकवायची नाही. नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'आणि गोळी का द्यायची हे त्यांना सांगितलं असेल ना कुणी?' मी मान हलवली. फुलपाखरं सांगितली होती, फार्बरची मुलं सांगितली होती. गोळी बंद केली तर काय होतं, एवढं एकच नेमकं सांगायचं राहिलं होतं. ते भयंकर वाटलं, म्हणून मीच गाळलं होतं.

टेलर २०१७ साली गेला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. अलिम्टाच्या रॉयल्टीतून प्रिन्स्टनला इतका पैसा मिळाला की केमिस्ट्रीची नवी कोरी इमारत उभी राहिली, २०१०मध्ये. तिथल्या एका सभागृहाला त्याचं नाव आहे. अमेरिकेतलं पेटंट संपलं. आपल्याकडे जेनेरिक मिळतं, म्हणून तर आम्हाला परवडतंय. सलाइनमधून औषध जायला दहा मिनिटं लागतात, जास्त नाही. पहिल्या वेळी मावशी नर्सला म्हणाली होती, 'झालं? एवढंच?'

तिसरी केमो नीट पार पडली. चौथी परवा झाली. आता स्कॅन. तारीख पुढच्या गुरुवारची आहे, त्याबद्दल आम्ही दोघीही बोलत नाही.

मावशीनं शाळेतला एक जुना कोरा हजेरीपट शोधून काढलाय. त्यात मुलांच्या नावांच्या जागी औषधांची नावं लिहिलीत. पहिलं नाव फॉलिक ॲसिड. पुढे रोजच्या चौकटीत बारीक, वळणदार अक्षरात 'ह'. मधल्या त्या बारा दिवसांपुढे तिनं लाल पेनानं गैरहजेरी मांडलीये, सगळी, एकही न लपवता.

आज सकाळी ऑफिसला निघताना फोन केला.

'गोळी?'

'हजर.' मग म्हणाली, 'पट्टीत चारच राहिल्यात. येताना आण. आणि त्या केमिस्टला सांग, माझीच आहे.'